‘राउटर रिस्टार्ट करून बघा’

पोस्ट लांबलचक आहे आणि राजकारणावर नाही, त्यामुळे नेहमीच्या काही मंडळींची निराशा होणार आहे. पण हा विषय सांगलीतल्या घराघरात आहे आणि त्यावर कोणी लिहीत नाही. घरातलं वायफाय सारखं तुटतं. बंद पडत नाही, तुटतं. दोन मिनिटं जातं, परत येतं, अर्ध्या तासाने परत जातं. कंपनीला फोन लावला की पलीकडून एकच मंत्र : ‘सर, राउटर एकदा रिस्टार्ट करून बघा.’ तुम्ही करता. रिस्टार्ट व्हायला लागतात दोन-तीन मिनिटं, तोवर नेट आपोआप येणारच असतं ते येतं, आणि तिकडे तक्रारीपुढे ‘निराकरण झाले’ असा शिक्का बसतो.

आमच्याकडे विश्रामबागेत हे सुरू झालं एप्रिलच्या शेवटी, पहिल्या वळवाच्या आसपास. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी ज्यांच्याशी बोललो त्या सगळ्यांचा अनुभव वेगवेगळ्या कंपन्यांचा असला तरी कहाणी एकच आहे.

‘दोन मिनिटं नेट गेलं तर काय आभाळ कोसळतं का?’ असं विचारणारे भेटतात. आमच्या वयाच्या माणसांचं खरंच काही कोसळत नाही, बातम्या जरा उशिरा कळतात एवढंच, आणि ते बरंच आहे. पण आमची सूनबाई पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. नातू चौदा महिन्यांचा. मुलाचं काम मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर, तो सांगली सोडू शकत नाही. मे महिन्यात एकाच आठवड्यात तीन मीटिंगमधून ती मध्येच गायब झाली. चौथ्या वेळी साहेबांचा मेसेज आला, घरून जमत नसेल तर पुढच्या महिन्यापासून ऑफिसला या. म्हणजे पुण्यात भाड्याची खोली, लेकराला पाळणाघर, नाहीतर लेकरू इथे आणि आई तिथे. एका वायरीवर एवढं सगळं टांगलेलं आहे. आणि ही एकट्या आमच्या घराची गोष्ट नाही. करोनानंतर सांगली, मिरज, कराड, इचलकरंजी अशा गावांत परत आलेली किती तरी पोरं-पोरी आहेत. ती इथे राहतात, इथल्या किराणा दुकानातून सामान घेतात, आईबापांना दवाखान्यात नेतात. ती इथे टिकणार की नाही हे नेत्यांच्या आयटी पार्कच्या घोषणांवर ठरत नाही. सकाळी साडेदहाच्या मीटिंगमध्ये लाइन टिकते का, यावर ठरतं.

तर कंपनीच्या मंत्राला कंटाळून मी स्वतःच शोधायचं ठरवलं. माझी नोकरी हिशेबाची होती, नेटवर्कची नव्हती. पण हिशेबात एक सवय लागते, की फरक सापडेपर्यंत प्रत्येक रकाना वेगळा तपासायचा. इथेही तेच लागू पडतं. ‘नेट गेलं’ हे एकच वाक्य आपण चार वेगळ्या आजारांना वापरतो, आणि कंपनीला ते फार सोयीचं पडतं.

सुरुवात दिव्यांपासून करा. राउटरवरचे दिवे आपण कधी बघतच नाही. फायबर कनेक्शनच्या डब्यावर साधारण चार-पाच दिवे असतात. नेट जातं त्या क्षणी सगळे दिवे विझून परत एकेक करून लागत असतील, तर डबाच बंद होऊन चालू होतोय. म्हणजे वीज, अडॅप्टर किंवा पिनेतला ढिलेपणा. बहुतेक अडॅप्टर १२ व्होल्टचे असतात, दोन-तीन उन्हाळे खाल्ले की आतून म्हातारे होतात, आणि पंखा, मिक्सर चालू होताना व्होल्टेज जरा झुकलं की राउटर झोपतो. हा आजार स्वस्तातला आहे. त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा अडॅप्टर आणायचा, शक्य असेल तर छोटा डीसी यूपीएस लावायचा. पण ‘एलओएस’ असं लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा अर्थ तुमच्या डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. फायबरमधून वीज येत नसते, प्रकाश येतो. तो लाल दिवा म्हणजे डबा सांगतोय की बाबांनो, मला समोर अंधार दिसतोय. त्या वेळी राउटर शंभर वेळा रिस्टार्ट करा, बाहेरचा अंधार तसाच राहणार. तिसरा प्रकार, ‘पॉन’चा दिवा हिरवा स्थिर आहे, लाल काही नाही, तरी इंटरनेटचा दिवा विझलेला. प्रकाश येतोय, पण कंपनीच्या टोकाला लॉगिन किंवा सर्व्हरचा घोळ आहे. आणि सगळे दिवे जागच्या जागी असताना फक्त मोबाइलवर नेट नाही, तर मात्र घरातल्या वायफायचा प्रश्न. हा चौथा आजार, आणि कंपनीला वाटतं की जगात हा एकच आहे.

दिव्यांसमोर दिवसभर बसणं शक्य नाही म्हणून दुसरी युक्ती. लॅपटॉपवर काळी कमांडची खिडकी उघडून दोन पिंग लावून ठेवले. पिंग म्हणजे कॉम्प्युटरने समोरच्याला ‘आहेस का?’ विचारायचं आणि त्याने ‘आहे’ म्हणायचं, दर सेकंदाला. विंडोजवर ते थांबू नये म्हणून शेवटी ‘-टी’ जोडावं लागतं. एका खिडकीत स्वतःच्या राउटरचा पत्ता, बहुतेक घरी तो १९२.१६८.१.१ असतो. दुसऱ्या खिडकीत बाहेरचा, ८.८.८.८, म्हणजे गुगलचा. (टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे.) नेट गेलं की बघायचं, कोण गप्प झालं. घरातला राउटरच उत्तर देत नसेल तर दोष घरात. घरातला बोलतोय आणि बाहेरचा गप्प आहे, तर दोष बाहेर. सूनबाईने त्यात अजून एक सुधारणा केली, लॅपटॉप वायफायवर न ठेवता पिवळ्या लॅन केबलने थेट राउटरला जोडला, म्हणजे वायफायचा संशयच उरला नाही. पाच दिवस हे चालू ठेवलं. शंभर पानी वहीत तारीख, वेळ, किती मिनिटं, कोणता दिवा, बाहेर वारा-पाऊस आहे का, एवढं लिहीत गेलो. घरात माझी थोडी थट्टा झाली, ती सोडा.

वहीतून जे निघालं ते असं. पाच दिवसांत एकूण ५३ वेळा लाइन तुटली. त्यातल्या ४१ वेळा घरातला राउटर उत्तर देत होता, बाहेरचा गप्प होता, आणि ज्या वेळी दिवा बघता आला त्या प्रत्येक वेळी तो लाल होता. बहुतेक वेळा संध्याकाळी, वारा सुटल्यावर. उरलेल्या १२ वेळा तक्रार फक्त मागच्या खोलीतल्या मोबाइलची होती, केबलवरचा लॅपटॉप मजेत चालू होता. म्हणजे आमच्याकडे दोन आजार एकाच नावाने राहत होते.

धाकटा आजार घरातच बरा झाला. कंपनीच्या पोराने राउटर बसवताना वायर जिथे संपली तिथेच, टीव्हीच्या मागे शोकेसमध्ये ठेवला होता. तिथून मागच्या खोलीत जायचं तर मध्ये एक भिंत आणि एक लोखंडी कपाट. वायफायच्या लहरींना भिंत कशीबशी चालते, लोखंडी कपाट अजिबात चालत नाही. दुसरं म्हणजे गर्दी. एक फुकटचं ॲप टाकून बघितलं तर घरात बसून १७ वायफाय दिसले. जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेलं बरीच असली तरी एकमेकांच्या अंगावर न येणारी तीनच, १, ६ आणि ११. निम्मी बिल्डिंग ६ वर बसलेली. गणपतीत एका चौकात चार मंडळांचे स्पीकर लागावेत तशी अवस्था. आम्ही ११ वर गेलो, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला वेगळं नाव दिलं आणि जवळची उपकरणं त्यावर टाकली. हा पट्टा वेगवान आणि मोकळा, पण भिंती फारशा पार करत नाही, त्यामुळे मागच्या खोलीला २.४ च ठेवला. राउटर शोकेसमधून काढून पॅसेजमध्ये उंचावर लावला. मागच्या खोलीची तक्रार त्या दिवसापासून संपली. एवढंच दुखणं असतं तर ही पोस्ट लिहिली नसती.

थोरला आजार बाहेरचा. आता कंपनीला पुरावा द्यायचा होता.

मी कस्टमर केअरला सांगितलं, एलओएस लाल होतोय, केबलवर टेस्ट केलीय, वेळा लिहून ठेवल्यात. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं, ‘सर, एक बार राउटर रिस्टार्ट किया आपने?’ तिचा दोष नाही. तिच्यासमोरच्या स्क्रीनवर तेच वाक्य असतं आणि ते ओलांडून पुढे जायची तिला परवानगी नसते. दुसऱ्या दिवशी एक पोरगा आला. पाठीला सॅक, घामाघूम. माझ्या घरात तो चार मिनिटं होता. राउटरला हात लावला आणि म्हणाला, ‘काका, राउटर गेलाय बघा. नवीन घालून टाका, बावीसशेला बसंल.’ मी वही दाखवली. वही बघून तो जरा ओशाळला आणि मग खरं बोलला. दिवसाला पंधरा-सोळा घरं करायची, पेट्रोल स्वतःचं, पैसे मिटवलेल्या तक्रारीमागे. वर खांबावर चढायचं काम त्याच्याकडे नाही, ती टीम वेगळी, आणि ती टीम बोलवायची तर त्याला वरच्या साहेबाला पटवून द्यावं लागतं. ‘राउटर बदलला की निदान आठ दिवस कोण फोन करत नाही ओ काका.’ या एका वाक्यात सगळी व्यवस्था आली.

मग मी बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं, आत्ता ७ वाजून १२ मिनिटांनी कोणाकोणाचं गेलं? आमच्याच कंपनीची सात कनेक्शन्स आहेत. चौघांचं त्याच मिनिटाला गेलेलं होतं. त्यांतल्या दोघांनी महिन्याभरात नवे राउटर घेतलेले! बावीसशे रुपये प्रत्येकी, ‘राउटर गेलाय’ ऐकून. नवा डबा, नवा लाल दिवा. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा अकरावीचा फॉर्म भरायचा चालला होता. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, आपल्याकडेही. कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना तीनदा पान गेलं, शेवटी आईने तिला बस स्टँडजवळच्या सायबर कॅफेत नेलं. त्यांच्या घरातला राउटर दहा दिवस जुना होता.

पण तिघांचं गेलं नव्हतं, आणि कंपनीने तेच आमच्या तोंडावर मारलं, ‘सर, तुमच्याच बिल्डिंगमध्ये बाकीच्यांचं चालू आहे, म्हणजे प्रॉब्लेम तुमच्या घरातच आहे.’ ऐकायला बरोबर वाटतं. हा युक्तिवाद तुमच्याकडेही येणार, म्हणून तो कसा फसवा आहे ते जरा सविस्तर सांगतो.

फायबर म्हणजे काचेचा तंतू. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो साधारण ९ मायक्रॉनचा, आपल्या केसाच्या जाडीच्या सात-आठव्या हिश्श्याएवढा. कंपनीच्या केंद्रातून निघालेला एकच तंतू वाटेत स्प्लिटर नावाच्या डबीत फुटतो, आणि एका तंतूवर ३२ किंवा ६४ घरं लागतात. पाण्याच्या एका नळाला तोट्या लावाव्यात तसं. प्रत्येकाला मूळ प्रकाशाचा छोटासा वाटा. तो वाटा किती हे डीबीएम नावाच्या एककात मोजतात आणि आकडा उणे असतो. उणे १८, उणे २० म्हणजे उत्तम. उणे २७ च्या खाली गेलं की डबा चाचपडायला लागतो. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. तुमच्या राउटरच्या पानावर, त्याच १९२.१६८.१.१ वर, ‘ऑप्टिकल पॉवर’ किंवा ‘आरएक्स पॉवर’ असा आकडा बऱ्याच डब्यांत दिसतो. पासवर्ड बहुतेक वेळा डब्याच्या पोटावर चिकटवलेला असतो.

आमचा आकडा वारा नसताना उणे २४. वारा सुटला की उणे २८, उणे ३०, आणि मग लाल. पहिल्या मजल्यावर ज्यांचं कधी जात नव्हतं त्यांचा बघितला, उणे १९. तिथेच कोडं सुटलं. खांबावरून बिल्डिंगच्या पेटीत येणारी वायर सगळ्यांची एकच. वाऱ्याने ती हलली की सगळ्यांचाच प्रकाश सारखा कमी होतो. पण उणे १९ वाल्याच्या खात्यात शिल्लक आहे, तो उणे २५ वर येऊनही चालू राहतो. आमच्या खात्यात शिल्लक नाही, आम्ही बुडतो. दुष्काळ सगळ्या गावाला एकच, पण ज्याची विहीर खोल त्याचं पीक उभं राहतं. म्हणून शेजाऱ्याचं चालू आहे याचा अर्थ दोष तुमच्या घरात आहे असा होत नाही. सातही घरांचे आकडे आणि वेळा एका कागदावर मांडल्या, आणि मग त्या ‘साहेबां’ना बोलायला काही उरलं नाही.

आता नियमांचं. इथे बऱ्याच जणांना वाटतं की खासगी कंपनी आहे, काय करणार, पोर्ट करू. पोर्ट करून काय होतं तेही सांगतो : नवी कंपनी त्याच खांबावरून, त्याच गुलमोहराच्या फांदीतून वायर ओढते.

२००४ साली केंद्र सरकारने पहिलं ब्रॉडबँड धोरण आणलं तेव्हा ब्रॉडबँडच्या व्याख्येत दोन गोष्टी होत्या. एक, वेग किमान २५६ केबीपीएस. दोन, कनेक्शन ‘सदैव चालू’ असलं पाहिजे. वेगाचा आकडा सरकार वाढवत गेलं, २०१३ ला ५१२ केबीपीएस, जानेवारी २०२३ ला २ एमबीपीएस. कंपन्या तर शंभर, दोनशे, तीनशे एमबीपीएसचे बोर्ड लावतात. पण ‘सदैव चालू’चा बोर्ड तुम्ही कुठल्या चौकात बघितलाय? आपल्याला वेग विकला जातो, टिकाऊपणा कोणी विकतही नाही आणि आपण मागतही नाही. मीटिंगला, शाळेच्या तासाला, बँकेच्या ओटीपीला ३०० एमबीपीएस लागत नाहीत. चार-पाच सलग मिळाले तरी भागतं.

ट्रायने सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले, ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. घरापर्यंत वायरीने येणाऱ्या सेवेतला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भरपाई, असं त्यात आहे. चांगलं आहे. पण माझ्या मते खरी मेख इथेच आहे. आमची लाइन तीन दिवस बंद नव्हतीच! वाईटातल्या वाईट दिवशी समजा ३० वेळा, दर वेळी २ मिनिटं गेली. झाला एक तास. २४ तासांतला एक तास, म्हणजे जवळजवळ ९६ टक्के वेळ सेवा चालू. कागदावर पहिला वर्ग. पण त्या दिवशी एकही मीटिंग पूर्ण झाली नाही आणि एकही फॉर्म भरून झाला नाही. मेलेल्या लाइनसाठी नियम आहे, मरत-जगत राहणाऱ्या लाइनला मात्र वाली नाही, कारण ती दर दोन मिनिटांनी ‘दुरुस्त’ होते. दर्जाची जी मोजमापं कंपन्या सादर करतात ती त्यांच्या मोठ्या सेवाक्षेत्राची सरासरी असते, त्यात विश्रामबागेतली एक बिल्डिंग दिसणार कुठून. ट्रायने एका घराला महिन्यात किती वेळा तुटलं हा आकडा कंपनीकडून मागायला हवा, आणि तो बिलावर छापायला लावायला हवा. डबा प्रत्येक वेळी अंधार झाल्याची नोंद ठेवतो, कंपनीच्या केंद्रातही ती दिसते. आकडा आहे, तो फक्त आपल्याला दाखवत नाहीत.

तोवर जे हातात आहे ते वापरायचं. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे कंपनीला प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर द्यावाच लागतो. नंबर न घेता फोन ठेवू नका, ‘मुलगा पाठवतो’ ही तक्रार नव्हे. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, फी नाही, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. या अधिकाऱ्याचा मेल पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर कुठेतरी तळाला असतो, चिकाटीने शोधावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट दिल्लीला मेल टाकून वाट बघण्यात अर्थ नाही. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. आणि जिल्हा ग्राहक आयोग आहेच. टेलिकॉमची भांडणं ग्राहक आयोगात चालत नाहीत असं सांगून पूर्वी लोकांना परत पाठवायचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं : चालतात. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. आपल्या महाराष्ट्रात ग्राहक चळवळ सत्तरच्या दशकात उभी राहिली, पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा तेल, साखर आणि वजनकाट्याची भांडणं होती. आज वजनकाटा म्हणजे हा लाल दिवा आहे.

आम्ही सातही घरांनी मिळून एक अर्ज केला. सात डॉकेट नंबर, वहीच्या पानांचे फोटो, ऑप्टिकल पॉवरचे आकडे, आणि लाल दिव्याचा एक व्हिडिओ, ज्यात शेजारी भिंतीवरचं घड्याळ दिसतं. अपील अधिकाऱ्याला मेल गेला सोमवारी. गुरुवारी शिडी आणि सांधा जोडायचं मशीन घेऊन खरी टीम आली, तीन माणसं.

खांबावर जे सापडलं ते बघायला अर्धी गल्ली जमली होती. विजेच्या खांबाला वीसेक वायरींचा जुडगा, त्यातल्या निम्म्या मेलेल्या, जुन्या केबल टीव्हीच्या. आमची वायर त्या जुडग्याला लोखंडी तारेने करकचून बांधलेली, बांधली तिथे जवळजवळ काटकोनात वाकलेली. काचेला काटकोन चालत नाही, वाकणातून प्रकाश बाहेर गळतो. वारा सुटला की गुलमोहराची फांदी वायरीवर बसायची आणि वाक अजून घट्ट व्हायचा. दुसरा दोष गच्चीवरच्या पेटीत. झाकणाचा एक स्क्रू नव्हता, आत वळवाचं पाणी गेलेलं, आणि आमच्या तंतूचा सांधा मशीनने जोडलेला नव्हता, नुसता दाबून बसवायचा कनेक्टर होता, त्यावर मातीचा थर. तीन माणसांनी दीड तासात वायर मोकळी केली, सांधा मशीनने जोडला, झाकणाला स्क्रू मारला. आमचा आकडा उणे २४ वरून उणे २० वर आला. सामान किती लागलं म्हणून मी मुद्दाम विचारलं. एक स्क्रू, दोन प्लास्टिकच्या पट्ट्या आणि सांध्यावरची बोटाएवढी नळी. याच्यासाठी दोन घरांनी ४४०० रुपयांचे राउटर घेतले.

जुन्या टेलिफोनच्या काळात सगळं छान होतं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. कनेक्शनसाठी लोकांनी वर्षानुवर्षं वाट बघितलेली आहे आणि पावसाळ्यात फोन मुका व्हायचा तो गणपतीपर्यंत. पण एक होतं, लाइनमन एकच असायचा, खांबापासून घरातल्या डब्यापर्यंत सगळी वायर त्याची. आता घरातला पोरगा वेगळा, खांबावरचा वेगळा, फोनवरचा वेगळ्या राज्यातला, आणि वायर कोणाचीच नाही. आणि रस्ता खोदणारे तर अजूनच वेगळे. मार्च २०२३ मध्ये केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप आणलं. खोदण्याआधी खाली कोणाची वायर आहे ते विचारायचं, एवढंच त्याचं काम. आपल्याकडे जेसीबी लावणाऱ्या किती ठेकेदारांच्या मोबाइलमध्ये ते आहे, हे पुढच्या खोदकामाला थांबून नक्की विचारा. कोणाचंही खोदकाम असो.

आता सद्यस्थिती. दुरुस्तीनंतर तीन आठवडे झाले, वारा-पाऊस भरपूर झाला, लाइन दोनदा तुटली, दोन्ही वेळा गल्लीची लाइट गेलेली होती. सूनबाईला साहेबांनी सप्टेंबरपर्यंत घरून कामाची मुभा दिलीय, पुढचं पुढे. त्या दोन राउटरचे पैसे परत मागणारं पत्र कंपनीने ‘आपली विनंती नोंदवली आहे’ असं उत्तर देऊन ठेवून दिलंय. पुढच्या महिन्यात आम्ही ते प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात नेतोय. कागद तयार आहेत. ज्यांना नमुना अर्ज हवा असेल त्यांनी मेसेज करा, पाठवतो.

आणि कमेंटमध्ये नुसतं ‘आमचंपण असंच’ लिहू नका. गल्ली, वेळ, दिव्याचा रंग आणि जमलं तर ऑप्टिकल पॉवरचा आकडा लिहा. घर नंबर, मोबाइल नंबर टाकू नका. शंभर फुटी, वखारभाग, गावभाग, कुपवाड, मिरज, सगळीकडून आलं तर एक तक्ता करतो. खांब कोणते ते त्यातूनच कळेल.